ट्यूनिंगची कोरी ओळ

नरेश, तू गेल्या मंगळवारी सकाळी पावणेसहाच्या सुमारास गेलास. रायपूरच्या उरला वस्तीतल्या घराच्या पायरीवर बसून पहिल्या पाळीचे बूट घालत होतास. उजवा बूट घालून झाला होता, नाडीही बांधली होती. डावा हातात होता. शीलावहिनी डबा घेऊन बाहेर आली तेव्हा तू भिंतीला टेकलेला होतास. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. वय अडतीस.

त्या दुपारी ऑफिसात मी तुझी चार ओळींची बातमी केली. हिंदीत, कारण आमचा पेपर हिंदी आहे. नाव, वय, सिलतऱ्याच्या कारखान्यात फिटर, मागे पत्नी आणि एक मुलगी. पान लावणाऱ्याने विचारलं, "और कुछ?" मी "नहीं" म्हणालो. ते खरं नव्हतं. गिटार राहिली होती. ती इथे लिहितो आहे, मराठीत, कारण चौदा वर्षं आपण भांडलो ते मराठीत.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं त्या हिवाळ्यात आपण भेटलो. शहरात रोज नवा बोर्ड लागत होता. काल जिथे वसतिगृह होतं तिथे आज संचालनालय. मी पेपरात नुकता लागलो होतो आणि कुठलं खातं कुठल्या इमारतीत गेलं ते शोधणं हे माझं काम होतं. बूढापाऱ्यात तळ्याकडे जाणाऱ्या गल्लीत एक सायबर कॅफे उघडलं होतं. तिथून मी गिटारचे टॅब छापून आणायचो. तू त्या दिवशी कॅफेचा जनरेटर दुरुस्त करायला आला होतास. हात काळे, कानामागे टेस्टर. माझ्या हातातल्या कागदावर वाकून म्हणालास, "हे काय होय, भाऊ?"

मी समजावून सांगितलं. सहा रेघा म्हणजे गिटारच्या सहा तारा. रेघेवर आकडा असतो. तीन म्हणजे तिसऱ्या पट्टीवर बोट, शून्य म्हणजे तार मोकळी. सूर ओळखायची गरज नाही, आकडा आहे तिथे बोट ठेवायचं.

"म्हणजे गाणं हाय का टेलिफोनची डिरेक्टरी?"

"मग तू कसा वाजवतोस?"

"आयकून."

"आणि ऐकून नाही समजलं तर?"

"मंग अजून आयकून."

त्या रविवारी तू तुझी गिटार घेऊन माझ्या खोलीवर आलास. जुनी होती. एका खुंटीचं डोकं तुटलेलं होतं, ती तू पकडीने फिरवायचास. एक गाणं तेव्हा शहरातल्या प्रत्येक पानठेल्यावर वाजत होतं. त्याची सुरुवातीची धून मी टॅबवरून अकरा दिवसांत बसवली होती. तू कॅसेट दोनदा ऐकलीस, तिसऱ्यांदा टेपरेकॉर्डरबरोबर वाजवलीस. मी घड्याळाकडे पाहिलं होतं. वीस मिनिटं झाली होती. मी तुला चहा दिला आणि म्हणालो, "तुझी गिटार उतरलेली आहे. सगळ्या तारा खाली आहेत."

"माही पेटीशी जुळते."

पेटी म्हणजे तुमच्या वस्तीतल्या विहारातली हार्मोनियम. लहानपणापासून तू तिच्यावर म्हटलेली बुद्धवंदना ऐकत आला होतास. ती किती जुनी होती कोणाला माहीत नव्हतं, पण तिचे सूर मूळ जागेहून खाली बसलेले होते. पुढे विहारात नवी पेटी आली, जुनी कोणी तरी घेऊन गेलं. तू मात्र गिटार त्या नसलेल्या पेटीलाच जुळवत राहिलास. मी दर वेळी सूर मोजायचा ट्यूनर काढायचो, दर वेळी तू हात आडवा घालायचास. "राहू दे न बे कागद्या. हे बराबर हाय." कागद्या हे नाव तू मला त्याच महिन्यात ठेवलंस. माझ्याकडे टॅबची फाईल होती, प्रत्येक पान प्लास्टिकच्या पाकिटात, वर गाण्याचं नाव आणि तारीख. मी ती उघडली की तू म्हणायचास, "काहून बे, दुकान लावून राहिला का?"

माझी बाजू मी तुला बऱ्याचदा सांगितली आहे, शेवटची एकदा मांडतो. कान हा एका माणसाजवळ असतो. तो माणूस उठून गेला की कान गेला. कागद राहतो, दुसऱ्याला देता येतो, चूक असली तर दाखवता येते. यावर तुझं उत्तर नेहमी एकच होतं: "मंग कागद वाजते का?" या वादाचा निकाल लागला नाही. मला वाटायचं, वेळ आहे.

टॅबने तुला गाठता येत नाही हे कळल्यावर मी पाच रेघांचं नोटेशन शिकायला गेलो. बँडमधून निवृत्त झालेले एक सर घरी शिकवायचे. टॅब कुठे बोट ठेवायचं एवढंच सांगतो, सूर किती वेळ धरायचा ते बहुतेक वेळा सांगत नाही. नोटेशन दोन्ही सांगतं. तुझ्याकडे नसलेलं काही तरी माझ्याकडे असावं, हे खरं कारण होतं. तुला मी ते सांगितलं नव्हतं. आठ महिने झाल्यावर एका संध्याकाळी तू मला न्यायला तिथे आलास. सर म्हणाले, बैठो. माझ्यासमोर एक पान ठेवलं, मी वाजवलं. मग त्यांनी तेच पान तुझ्याकडे सरकवलं. तू ते उलटं-सुलटं पाहिलंस, बाजूला ठेवलंस आणि मी वाजवलं होतं ते पूर्ण वाजवलंस.

सहाव्या ओळीत तू एक सूर चुकीचा लावलास. मी पान पुढे करून बोट ठेवलं. "हे बघ. इथे चुकलास." माझा आवाज चढला होता, तो आनंदाने.

तू म्हणालास, "तूच तं तसं वाजवलं बे. कागदावर काय हाय मले काय माहीत? तुह्या बोटातून जे आलं ते घेतलं."

सर हसायला लागले. मला म्हणाले, "आप पढ़ते अच्छा हैं." मी पुढच्या महिन्यात क्लास सोडला. तुला कारण सांगितलं की ड्यूटी बदलली.

एक गोष्ट आपल्या दोघांनाच माहीत होती. आता एकालाच आहे, म्हणून नोंदवतो. राज्याच्या वर्धापनदिनाच्या एका कार्यक्रमात आपण दोघे साथीला बसलो होतो. गाणारी मुलगी भिलाईची. तिचा घसा बसला होता. पहिल्या गाण्याच्या आधी ती मागे वळून म्हणाली, "भैया, दो सुर नीचे कर दो न." तू मान हलवलीस आणि वाजवायला लागलास. माझ्यासमोर स्टँडवर नऊ पानं होती आणि त्या क्षणापासून त्यांतला एकही आकडा उपयोगाचा नव्हता. मी डाव्या हाताने तारा दाबून मुक्या केल्या आणि उजवा हात हलवत राहिलो. तीन गाणी. माझा भाग तुझ्या भागात मिसळून तू दोन्ही वाजवलेस. खाली उतरल्यावर आमच्या पेपरातल्या एकाने माझी पाठ थोपटली. तू शेजारी उभा होतास. समोसा खात होतास. काही बोलला नाहीस. त्या दिवशी नाही, पुढे कधीच नाही, भांडणातसुद्धा नाही.

तुझ्या जागी मी असतो तर बोललो असतो. हे मला ठाऊक होतं, आणि तुझा राग मला सर्वांत जास्त याच गोष्टीसाठी आला. तू वाजवायचास चांगलं, ते एक वेळ सोसता येत होतं.

चौदा वर्षांत मी तुला एकदाही "चांगलं वाजवलंस" म्हटलं नाही. "बरं होतं" दोनदा म्हटलं.

आता तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारचं. तू दुपारी गिटार घेऊन आलास. म्हणालास, "एक काम हाय तुह्याकडं. सोनलसाठी एक धून बनवली. लिहून दे."

"तुला कागद कशाला हवा?"

"मले नाही बे. पोट्टीले. बारा वर्षांची झाली, गिटार मागून राहिली. माही आठ-आठ घंट्यांची पाळी, कधी शिकवू? तुले लिहिता येते न. तू लिही, ते पाहून शिकन."

चौदा वर्षांच्या वादात तू एवढीच माघार घेतलीस, तीही सहज, भजी खाता खाता. मी वही काढली. तू वाजवायला लागलास. तुझ्या तारा नेहमीसारख्या खाली होत्याच, पण सगळ्यांत जाडी, सहावी तार आणखी सैल होती, इतकी की पट्टीवर फडफडत होती. मी विचारलं, ही काय भानगड आहे?

"ते सिलतरा हाय."

"म्हणजे?"

"भट्टीचा मोठा पंखा. आठ घंटे कानात तोच. घरी आलो, जेवायला बसलो, तरी वाजतच राहते. मंग म्हटलं वाजतेच हाय तं वाजू दे. तार त्याच्यावरच लावून टाकली. बाकी धून वरून फिरते, हे खाली आपली गुणगुण करत राहते. आयक."

मी ऐकलं. छान होतं. इतकं की मी पेन्सिल दोनदा तासली. मग सहा रेघा आखल्या आणि तुझी बोटं पाहून आकडे लिहिले. साडेतीन पानं झाली.

प्रत्येक टॅबच्या वर एक ओळ असते. सहाही तारा कुठल्या सुरात लावायच्या ते तिथे लिहितात. माझ्या फाईलमधल्या एकाही पानावर ती ओळ कोरी नाही. तुझ्या पानावर मी ती कोरी सोडली. विसरलो नव्हतो. ती भरली असती तर तुझं ते जुळलेलं होतं असं मान्य करावं लागलं असतं, आणि चौदा वर्षं मी त्याला उतरलेलं म्हणत आलो होतो. माझ्या फोनमध्ये रेकॉर्डिंगची सोय होती, तेही मी केलं नाही. तुझा फोन बटणांचा. तू पानं पाहिलीस, काही समजलं नाही, हसलास. "मस्त. टेलिफोनची डिरेक्टरी." पानं माझ्याकडेच ठेवलीस. सोनलच्या वाढदिवसाला देऊ म्हणालास.

गुरुवारी मी तुझ्या घरी गेलो. वहिनीने खिळ्यावरची गिटार काढून माझ्या हातात दिली. "भाऊजी, रविवारी विहारात यांच्यासाठी पुण्यानुमोदन हाय. सोनल म्हणते तिचं गाणं वाजवा. मले तं त्यातलं काही समजत नाही. कागद तुमच्यापाशी हाय म्हणत होते हे."

मी गिटार मांडीवर घेतली. खिशातून ट्यूनर काढला, गिटारच्या टोकाला चिमट्याने लावला आणि एकेक तार योग्य सुरावर आणली. सहाही. तुटक्या खुंटीसाठी वहिनीकडून पकड मागून घेतली. तीन-चार मिनिटं लागली असतील.

सोनल आतून धावत आली. "काका, आपने घुमा दिया?"

"जुळवली. आता बरोबर आहे."

"पापा ने मिला के रखी थी."

वहिनीने विचारलं, "काय झालं वं?" सोनलने गिटारकडे बोट दाखवलं. मी पानं उघडली आणि आकड्यांप्रमाणे वाजवलं. पहिल्या चार आकड्यांवरच मुलगी म्हणाली, "ये मेरा वाला नहीं है." तिचं बरोबर होतं. बोटं तुझी होती, सूर भलतेच होते.

मंगळवारच्या आदल्या संध्याकाळी तू वाजवून खिळ्याला अडकवलेली ती गिटार. तुझे सूर तारांवर तसेच होते. जगात ते तेवढ्या एकाच जागी शिल्लक होते आणि मी ते पुसले. वहिनीला मी सांगितलं, सवयीने झालं. पहिल्या दोन तारांपुरतं ते खरं आहे. तिसऱ्या तारेच्या खुंटीला हात लावला तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं. मी थांबलो नाही. चौदा वर्षं तू हात आडवा घालत आला होतास आणि आता घालणार नव्हतास.

हे मी वहिनीला काल सांगितलं. ती म्हणाली, "त्याईले माहीत असतं तं हसले असते." मग म्हणाली, "मले हसू नाही येत, भाऊजी."

गुरुवारी संध्याकाळपर्यंत सोनल आणि मी बसलो. ती धून गुणगुणायची, मी खुंटी फिरवायचो. "और नीचे. और. नहीं, ज़्यादा हो गया. हव, बस." तिने गिटारला कधी हात लावलेला नाही, तू लावू दिला नव्हतास, तुटक्या खुंटीची पत्र्याची धार लागेल म्हणून. पाच तारा तिने अशा लावून घेतल्या. नंतर मी ट्यूनर लावून पाहिला. पाचही तारा अर्धा सूर खाली होत्या, एकमेकींशी चोख. विहारातून पेटी गेली तेव्हा ही मुलगी जन्मलीही नव्हती. तिला तो सूर तुझ्याकडून मिळाला आहे. मला चौदा वर्षांत मिळाला नाही. बारा वर्षांच्या मुलीचा हेवा वाटला, हेही लिहून ठेवतो.

सहावी तार मात्र तिला सांगता येईना. तिच्या गळ्यात तेवढा खालचा सूर नाही. "वो गाने वाली नहीं है न काका. वो तो बस नीचे बजती रहती थी. सुनूँगी तो बता दूँगी."

म्हणून शनिवारी सकाळी मी स्कूटरवर गिटार बांधून सिलतऱ्याला गेलो. तुझ्या कारखान्याच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीच्या बाकावर बसलो. ट्यूनर चिमट्याचा आहे, तो फक्त लाकडातलं कंपन मोजतो. समोर हवेत वाजणारा पंखा त्याला ऐकू येत नाही. मी तो खिशात ठेवला. ट्रक जात होते. प्रत्येक ट्रकनंतर थांबायचं, धूळ खाली बसू द्यायची, मग ऐकायचं. पंखा आधी मला आवाज वाटला. अर्ध्या तासाने त्यात एक सूर सापडला. तार सैल करत करत मी त्याच्याजवळ आणली. जवळ आली की तार आणि पंखा मिळून एक लाट उठते, वर-खाली, वर-खाली. सूर जुळत जातो तशी ती लाट मंदावते. हे पुस्तकात वाचलं होतं. कानाने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

टपरीवाला म्हणाला, "का भैया, कारखाने को सुना रहे हो?"

"नहीं. सुन रहा हूँ."

"नरेश भैया भी बैठते थे यहीं. छुट्टी के बाद. ऐसे ही कान लगा के."

लाट थांबली तेव्हा साडेदहा वाजले होते. मी गिटार चादरीत गुंडाळून उरल्याला आणली. सोनलने सहावी तार एकदा छेडायला सांगितली, पुन्हा सांगितली. डोळे मिटले. "थोड़ा-सा ऊपर, काका. एकदम थोड़ा." मी खुंटी केसभर फिरवली. "हव. यही है." फाटकाशी मी चुकलो, की स्कूटरवर उन्हाने तार उतरली, की चूक सोनलची, हे मला पडताळता आलेलं नाही.

मग टॅब वाजवला. या वेळी सूर बरोबर होते, पण किती थांबायचं ते पानावर नव्हतं. तेही तिनेच सांगितलं, गुडघ्यावर हात मारून. "यहाँ पापा रुकते थे. यहाँ नहीं रुकते थे. यहाँ मम्मी को देखते थे." प्रत्येक जागी मी पेन्सिलीने खूण केली. दुपारच्या जेवणापर्यंत धून लागली. कागद नसता तर तिला तुझी बोटं मिळाली नसती. ती नसती तर कागद मुका होता. तू असतास तर यावर पुन्हा तासभर भांडलो असतो. मला ते भांडण हवं आहे. मी हरलो असतो तरी.

काल, रविवारी, विहारात वंदना झाल्यावर मी धून वाजवली. वाजवण्याआधी ट्यूनर लावून पाहिला, खुंट्यांना हात लावला नाही. सोनल उजवीकडे बसली होती, तिचा हात गुडघ्यावर चालू होता. मी एका जागी आधी सुटलो. तिने माझ्याकडे पाहिलं, मी परत आलो. संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तशी पद्धत नाही. मागच्या रांगेतले तुझ्या पाळीचे दोघे उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

पानं मी सोनलला दिली. देण्याआधी वरची कोरी ओळ भरायला घेतली. पाच तारांच्या सुरांची नावं लिहिली. सहाव्या तारेवर ट्यूनरचा काटा दोन सुरांच्या मधे उभा राहतो. त्या जागेला नाव नाही. मी पेन थांबवला. सोनलने तो माझ्या हातातून घेतला.

त्या ओळीत आता सहा नोंदी आहेत. पाच माझ्या अक्षरात. सहाव्या जागी "सिलतरा" लिहिलं आहे, ते सोनलच्या.